डावा कान

धाकटीला रडू आलेलं नाही, ही गोष्ट आता अख्ख्या इमारतीला ठाऊक झाली होती. तिची मोठी बहीण जाऊन कित्येक महिने झाले, तरी खालच्या मजल्यावरच्या काकू अजून तिला जिन्यात गाठायच्या आणि डॉक्टरने जीभ बघावी तसा तिचा चेहरा बघायच्या. "मोकळी झालीस का गं?" असं सरळ विचारायचीही त्यांची तयारी असे. धाकटी "नाही हो काकू" म्हणायची आणि भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन वर जायची. लोक गेलेल्याचं दुःख करायला येतात आणि राहिलेल्याची परीक्षा घेऊन जातात. काकूंचा जीव तसा वाईट नव्हता. त्यांना फक्त कुठलंही काम अर्धवट राहिलेलं खपत नसे, मग ते दुसऱ्याचं रडणं का असेना.

खरं सांगायचं तर धाकटीला स्वतःलाही ते खटकत होतं. ताई गेली त्या दिवशी तिने हॉस्पिटलातून ताईचा टॉवेल, चप्पल, पाण्याची बाटली असं सगळं आठवणीने घरी आणलं. ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. घरी येऊन चहा टाकला, बाबांना दिला, स्वतः प्यायली, आणि वर बिस्किटं खाल्ली. रात्री झोपही लागली. आई तर दोघी लहान असतानाच गेली होती, तेव्हा धाकटीला आई म्हणजे ताईच. वेणी ताईने घातली, पाढे ताईने पाठ करून घेतले, पहिली नोकरी लागली तेव्हा डबा ताईने भरून दिला. अशी बहीण जावी आणि आपल्याला सकाळी सडकून भूक लागावी! लाज वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

ती कामाला होती एका मोठ्या लाँड्रीत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं ढिगांनी यायच्या, धुवून निघायच्या आणि मग इस्त्रीच्या मशीनवर जायच्या. ते मशीन म्हणजे एक लांबलचक तापलेला रूळ. दोघींनी चादरीचे दोन कोपरे धरायचे, ताणायचे आणि एकाच वेळी आत सोडायचे. एकीने जरा घाई केली की चादर तिरकी जाते आणि भोंगा वाजतो. धाकटी डाव्या बाजूला, आणि उजव्या बाजूला तिची जोडीदारीण, जिला सगळी लाँड्री वहिनी म्हणायची. ती नेमकी कुणाची वहिनी, हे कुणालाच माहीत नव्हतं. रोज रुळाला बोटं लागून लागून दोघींच्या बोटांच्या टोकांची जाणीवच गेली होती. वाफाळता स्टीलचा ग्लास धाकटी आरामात हातात धरून उभी राहायची, आणि नवीन मुली तोंडाला हात लावून बघत राहायच्या. हल्ली तिला वाटायचं, बोटांचं झालं तेच आत झालं असणार. इतका चटका बसला की आता कळेनासंच झालं.

एकदा तिने हे वहिनीला बोलून दाखवलं.

"काहीतरीच," वहिनी म्हणाली, "बोटांना काय, मी सुट्टीवर गावाला गेले होते ना महिनाभर, तर परत कळायला लागलं होतं. तू सुट्टी घे."

"कशापासून घेऊ?"

वहिनीने पुढची चादर उचलली.

या दोघी बहिणींची आणि 'बंद दुकान'ची गोष्ट सांगायला हवी. 'बंद दुकान' हे एका छोट्या बँडचं नाव. दोन सख्खे भाऊ आणि ड्रम वाजवणारी एक मुलगी, एवढाच संसार. रेडिओवर त्यांना कुणी लावत नसे, लग्नाच्या वरातीत त्यांचा काही उपयोग नसे. ज्यांना आवडायचे त्यांना मात्र वेड लागल्यासारखे आवडायचे. ताईला त्यांची गाणी तिच्या एका मैत्रिणीकडून मिळाली, आणि ती दोघींच्या अंगात भिनली.

आता हे घर कसं, तर मुळात आवाजाची चोरी असलेलं. बाबा पावाच्या बेकरीत भट्टीवर होते, आणि भट्टीचं काम सगळं रात्रीचं. उजाडता उजाडता ते घरी यायचे, अंगभर पीठ, डोळे लाल, आणि दुपारपर्यंत झोपायचे. त्यामुळे दोघी पोरी लहानपणापासून चवड्यांवर चालायला शिकल्या. ताई भांडी घासताना खाली फडकं अंथरायची, म्हणजे स्टीलला स्टील वाजत नाही. मोठ्याने गाणं लावणं हा प्रकार त्या घरात कधी झालाच नाही, आणि बाबा निवृत्त झाल्यावरही होईना. सवय म्हणजे सवय.

तेव्हा गाणी ऐकायची ती रात्री, अंथरुणात, एकाच इअरफोनवर. पलंग भिंतीला लागून. धाकटी झोपेत पडायची म्हणून तिला भिंतीकडची डावी बाजू, ताईला उजवी. इअरफोनचं डावं टोक धाकटीच्या कानात, उजवं ताईच्या. बाबा तिकडे भट्टीवर, आणि या इकडे अंधारात एका वायरीला बांधल्यासारख्या. हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे लाँड्रीतही सुपरवायझरने एकच कान झाकायची परवानगी दिली, तेव्हा धाकटीने डावाच कान गाण्याला दिला. उजवा वहिनीला आणि भोंग्याला.

सगळ्यांत आवडतं गाणं दोघींचं एकच. 'दार लोटून घे, दिवा राहू दे,' असं ते सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. त्या एका गाण्यावरून मात्र त्यांचं कायम वाजायचं. ताई बरोबरीने गुणगुणायला लागली की शेवटचा 'दे' ती वर चढवायची. धाकटी वैतागायची.

"खाली जातं ते, ताई. खाली."

"वर जातंय गं. ऐक ना नीट."

"मी ऐकतेच आहे! तू मनाचं गातेस."

"बरं बाई, तुझं खरं," ताई म्हणायची. मोठ्या बहिणीला हार मानायचा सराव असतो.

एकदा मात्र धाकटीचं डोकं दुखत होतं, लाँड्रीत कुणाशी तरी खटका उडाला होता, आणि ती फाडकन म्हणाली, "तू गाऊच नकोस ना! सगळं गाणं नासवतेस." ताई हसली. पण त्यानंतर धाकटीशेजारी ती ते गाणं कधी गायली नाही. गाणं लागलं की नुसते ओठ हलायचे, तेही अंधारात, म्हणजे हलायचे असा धाकटीचा अंदाज.

बँडचा कार्यक्रम आपल्या शहरात होणार हे ताईला कळलं तेव्हा तिने त्याच क्षणी फोनवर दोन तिकिटं काढून ठेवली. मग थोरल्या भावाचं मनगट मोडलं, कार्यक्रम पुढे गेला. मग जागेची काहीतरी भानगड झाली, पुन्हा पुढे गेला. कार्यक्रम पुढे पुढे जात राहिला आणि ताई मध्येच थांबली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही.

ताईचा फोन बाबा रोज चार्ज करायचे. रोज रात्री तो फडताळावर वायरीला लावलेला असायचा, सकाळी बाबा वायर काढून गुंडाळून ठेवायचे. आणि एक दिवस त्या फोनवर टुणकन आवाज झाला. बाबा तो दोन्ही हातांत धरून घेऊन आले.

"ताईला मेसेज आलाय," ते म्हणाले.

धाकटीने वाचला. नवी तारीख ठरली होती. तिकिटं तीच चालणार होती.

"कुणाचा आहे?"

"बंद दुकानचा."

"दुकान बंद आहे तर मेसेज कशाला करतायत?"

ताई असती तर हसून हसून लोळली असती. धाकटीने त्यांना समजावून सांगितलं आणि वर म्हणाली की मी जाणार नाहीये, एकटीने कुठे जायचं. बाबांनी बराच वेळ त्या फोनकडे बघितलं.

"तिचं तिकीट वाया कशाला घालवायचं? मी येतो."

"बाबा, तिथं सगळी पोरंटोरं असतात. उभं राहावं लागतं."

"मी जन्मभर उभाच होतो," बाबा म्हणाले.

मग नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही. आणि खरं म्हणजे, जायचं ठरल्यावर धाकटीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ताई गेल्यापासून ते एक गाणं तिने ऐकलं नव्हतं. बाकी सगळी ऐकली, अगदी काम करता करता, चादरी सोडता सोडता. ती कानात यायची आणि निघून जायची. हे एक तिने राखून ठेवलं होतं. त्याने जर काही झालं नाही, तर मग कशानेच होणार नाही. मग काकूंना सांगून टाकायचं की आमच्यातला हा विषय संपला, तुम्ही जिन्यात थांबायची तसदी घेऊ नका. लाँड्रीत तिने वहिनीला हे सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "फुटशील बघ तिथं. रुमाल मोठा ने." धाकटीने खरंच मोठा रुमाल घेतला. परीक्षेला जाताना जास्तीचं पेन घ्यावं तसा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि कोपऱ्यातलं घडीचं स्टूल काखोटीला मारलं.

"हे कशाला?"

"गुडघ्यांना विचार."

जागा म्हणजे एक जुनं गोदाम होतं. वर पत्रे, भिंतींना काळा रंग, एका टोकाला लाकडी फळ्यांचं व्यासपीठ. दारावरच्या माणसाने ताईच्या फोनवरचं तिकीट बघितलं, नाव वाचलं, बाबांकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, फोन दोन्ही हातांनी परत दिला. स्टुलावर मात्र त्याची नजर अडली.

"काका, सामान आत नाही नेता येत."

"सामान नाही, हे माझे पाय आहेत," बाबा म्हणाले. मागे रांगेतली पोरं खिदळली आणि त्या माणसानेही हात जोडून वाट दिली. आत एका मुलीने दोघांच्या मनगटावर शिक्का मारला. बाबांनी तो उजेडात धरून बघितला. बंद शटरचं चित्र होतं. "बरा काढलाय," ते म्हणाले.

एका खांबाला टेकून त्यांनी स्टूल मांडलं. अवतीभवती सगळी विशी-पंचविशीतली मुलं. एकाने बाबांना पाण्याची बाटली आणून दिली, एकीने विचारलं, "काका, तुम्ही पण फॅन?" बाबांनी मान डोलावली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायला फार वेळ लागला असता.

मग दिवे मालवले आणि ते तिघं आले. धाकटीला आधी ओळखच पटली नाही. इतकी वर्षं कानात राहिलेली माणसं दिसायला अशी? थोरला भाऊ चांगला टक्कल पडलेला, बँकेत काउंटरला बसवला तर शोभला असता. धाकट्याच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. ड्रमवाली मुलगी येता येता कसल्याशा सँडविचचा शेवटचा घास गिळत होती. पोरं बेभान होऊन ओरडली. धाकटीनेही टाळ्या वाजवल्या, कारण हात रिकामे होते.

गाणी सुरू झाली. आवाज तर असा की छातीत घुमावा. जमिनीतून पायांत चढत होता, पाण्याची बाटली थरथरत होती. लोक उड्या मारत होते, डोळे मिटून गात होते, एक मुलगी तर पहिल्याच गाण्याला ढसाढसा रडायला लागली. धाकटीने तिच्याकडे बघितलं. हेवा वाटला का? तोही नाही धड. ती आपली दूध उतू जातंय का बघावं तशी स्वतःकडे लक्ष ठेवून उभी होती. एक गाणं झालं, दुसरं झालं. काही नाही. सगळे शब्द तिला पाठ होते, त्यामुळे पुढे काय येणार ते आधीच कळत होतं, आणि आलं की ती मनात म्हणायची, हं, आलं. पावतीवर सही केल्यासारखं.

मध्ये तिने मागे वळून बाबांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते, फोटोला बसल्यासारखे.

"कान दुखतायत का?" तिने वाकून विचारलं.

"काय?"

"कान! कान!"

"छान आहे, छान आहे," बाबा म्हणाले.

शेवटी शेवटी थोरला भाऊ माइकजवळ आला. घाम पुसत म्हणाला, "आता जे गाणं आहे, ते केलं तेव्हा आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हणजे एकमेकांचं तोंड बघायचं नाही इथपर्यंत." लोक हसले. "चालीवरूनच झालं. हा म्हणाला अशी, मी म्हणालो तशी. शेवटी काय केलं, मी एका खोलीत बसून माझी चाल गायलो, हा दुसऱ्या खोलीत बसून याची. एक आवाज डाव्या कानात टाकला, एक उजव्या. तुम्हाला माहीतच आहे म्हणा. दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे."

लोक पुन्हा हसले. धाकटी हसली नाही, कारण तिला त्यातलं काही पोचलंच नाही. पुढचं गाणं कोणतं एवढंच तिला कळलं होतं आणि ती रुमाल शोधत होती.

'दार लोटून घे,' असं थोरल्याने सुरू केलं, आणि ती श्वास धरून उभी राहिली. आता. आता काय ते होऊ दे.

झालं काय, तर तिला राग आला. थोरला नीट गात होता, अगदी कानातल्यासारखा, आणि तो धाकटा मध्येच भलतंच काहीतरी म्हणत होता. शब्द तेच, पण चाल भलतीकडे. थोरला खाली आला की हा वर. 'दिवा राहू दे' म्हणताना तर त्याने शेवटचा 'दे' असा उंच नेऊन ठेवला की तिला वाटलं जाऊन त्याचं तोंड दाबावं. इतके दिवस राखून ठेवलेलं एक गाणं, आणि हा शहाणा मनाचं गाऊन ते सगळं नासवतोय!

तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला. बाबा स्टुलावरून उठले होते. इतक्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्यांनी तिच्या कानाला तोंड लावलं.

"हे मला येतं!" ते ओरडले.

"काय?"

"हे! हा चष्मेवाला म्हणतोय ते! हे ताईचं आहे!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा गात नव्हते, त्यांना गाता येतच नव्हतं, पण 'दे' वर जाईल तसा त्यांचा हात वर जात होता. चुकत नव्हता. प्रत्येक वेळी चाल कुठे चढणार ते त्यांना आधी ठाऊक होतं.

गाणं संपलं. लोकांनी गोदाम डोक्यावर घेतलं. ज्याच्यासाठी ती आली होती ते सबंध गाणं तिच्या समोरून निघून गेलं होतं, आणि ती त्यातला अर्धा वेळ चिडलेली होती आणि अर्धा वेळ बाबांच्या हाताकडे बघत. रडण्याचं राहूनच गेलं. आतून सगळं बधिर. मोठा रुमाल हातात तसाच, घडीसुद्धा न मोडलेला.

बाहेर पडल्यावर कानांत कापूस भरल्यासारखं झालं होतं. दोघं बसस्टॉपकडे चालत निघाले. बाबांनी स्टूल ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"तुम्हाला कसं येतं ते?" तिने विचारलं.

"ती म्हणायची ना. सकाळी. भांडी घासताना. एकदम हळू, पण स्वयंपाकघर कितीसं लांब?"

"तेव्हा तुम्ही झोपलेले असायचात."

बाबांनी वाटेतला एक खड्डा चुकवला.

"कसली झोप," मग ते म्हणाले. "भट्टीवरून आलेल्या माणसाला एवढ्या उजेडात झोप लागते होय? दहा-पाच मिनिटं डुलकी यायची, बस. पण तुम्ही दोघी मांजरासारख्या चालायच्या. ती भांड्यांखाली फडकं घालायची. एवढुशा पोरी एवढं करतायत म्हटल्यावर मी डोळे मिटून पडून राहायचो. नाहीतर तुम्हाला वाटलं असतं, सगळं फुकट."

"इतकी वर्षं?"

"मग काय झालं? गाणं ऐकायला मिळायचं."

बस आली. मागचं बाक रिकामं होतं. बाबा खिडकीशी बसले, स्टूल मांडीवर. धाकटीला थोरल्या भावाचं ते बोलणं आता आठवलं. एक आवाज डाव्या कानात, एक उजव्या. दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तिने पर्समधून इअरफोन काढला, फोनला लावला, आणि सवयीने डावं टोक कानाकडे गेलेला हात मध्येच थांबवला. ते टोक तिने मांडीवर ठेवून दिलं. उजवं उचललं. ते कानात नीट बसेना. त्या टोकाची आणि तिची कधी गाठच पडली नव्हती.

मग ते गाणं लावलं.

तिचं गाणं त्यात नव्हतंच. तिला पाठ असलेली, खाली उतरणारी ती चाल कुठेच नव्हती. होता तो फक्त दुसरा आवाज, थोरल्यासारखाच, पण वेगळ्या वाटेने जाणारा, आणि 'दिवा राहू दे' आलं तेव्हा तो वर चढला आणि तिथंच राहिला. ताई जशी न्यायची तसा. अगदी तस्सा. ताईने कधी एक सूरही मनाचा गायला नव्हता. तिच्या कानात जे येत होतं ते ती गात होती, आणि शेजारी पडलेली धाकटी तिला रोज खोटं पाडत होती. दोघींच्या मध्ये हातभर वायर होती. एकदा, एकदाच टोकांची अदलाबदल केली असती तर झालं असतं. पण हे टोक माझं, ते तुझं, आणि भिंतीकडची बाजू माझी, यात कधी बदल करायचा असतो हे दोघींपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "ती बरोबर गात होती."

"हो मग?"

"मी तिला म्हटलं, गाऊ नकोस. नासवतेस म्हटलं. मी तिला गप्प केलं हो."

बाबांनी तिच्याकडे वळून बघितलं. त्यांना वायरीचं आणि कानांचं काही कळलं असेल असं वाटत नाही.

"गप्प कुठली," ते म्हणाले, "माझ्याकडे रोज गायची."

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. 'दार लोटून घे,' ताईचा आवाज म्हणाला, म्हणजे त्या चष्मेवाल्याचा. शेजारी दुसऱ्या चालीची जागा रिकामी होती. धाकटी आयुष्यात कधी कुणासमोर गायली नव्हती. त्या घरात गायची ती ताई, हिचं काम चुका काढायचं. पण ती रिकामी जागा तिला बघवेना. ती अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, आपली चाल म्हणायला लागली. ताई वर गेली तशी ही खाली आली. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा 'राहू' म्हणताना तिचा आवाज फाटला, आणि पुढचं तिला म्हणता आलं नाही.

तिने घाबरून बाबांकडे बघितलं.

बाबांनी स्टूल मांडीवर नीट धरलं, मान खिडकीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले. लगेच त्यांचा श्वास गाढ झोपलेल्या माणसासारखा संथ झाला. बस खड्ड्यांतून गेली, पुढे कुणीतरी भांडलं, कंडक्टर मोठमोठ्याने थांब्यांची नावं घेत राहिला. धाकटी मोठ्या रुमालात तोंड खुपसून घर येईपर्यंत रडत होती, आणि बाबा एकदाही जागे झाले नाहीत.